म्होरक्या

सोल संगीताच्या बँडचा म्होरक्या ब्रुकलिनमध्ये गर्दीतही ओळखू येतो. वय पस्तीस, पण कान १९६७ सालचे. त्यानंतर ध्वनिमुद्रणात जे काही झालं, ती त्याच्या मते निव्वळ घसरण. बँड आठ जणांचा, त्यातले तिघे फुंकणारे. डोक्यावर मोठ्या कंपनीचा हात नाही, म्हणून हा स्वतंत्र. म्हणजे खर्च करायला स्वतंत्र.

नवा अल्बम कॉम्प्युटरवर करू, असं कुणी चुकून म्हणालंच तर तो दोन दिवस बोलत नाही. त्याला टेपच लागते. सेकंदाला १५ इंच पळणारं रीळ अर्ध्या तासात संपतं आणि नवं घेताना खिसा रडतो, म्हणून पसंत न पडलेला टेक पुसून त्यावरच पुढचा घ्यायचा. नवव्या टेकला बॅरिटोन सॅक्सोफोन किंचित उतरतो. दहावा बिनचूक. म्होरक्याचा चेहरा पडतो. "फारच स्वच्छ झालं रे! तिसऱ्यात ड्रमवाल्याचं स्टूल करकरलं होतं, त्यात जीव होता." तिसरा त्यानेच पुसलेला असतो. मग पहाटेपर्यंत आठ जण मिळून स्टूल करकरवतात.

जागेबद्दल तक्रार करायची सोय नाही. मेम्फिसचा स्टॅक्स स्टुडिओ जुन्या थिएटरात होता, जमीन उतरती; मोटाऊनचा तर गॅरेजात. हे तो दर तालमीला सांगतो. गाणारी दिवसा हॉटेलात प्लेटा उचलते. ती कुरकुरली की सोल गायिका शॅरन जोन्सची गोष्ट बाहेर निघते: आधी रायकर्स आयलंडच्या तुरुंगात पहारेकरी, आणि डॅप-किंग्ज बँडबरोबरचा पहिला अल्बम आला २००२ साली, पंचेचाळिशी ओलांडल्यावर. "तुझ्या हातात अजून वीस वर्षं आहेत!" गाणारीला हा धीर वाटत नाही.

अखेर रेकॉर्डी छापून येतात. खोकी ठेवायला त्याचा सोफा जातो. प्रकाशनाच्या रात्री तो स्टेजवरून उतरतो तो थेट विक्रीच्या टेबलामागे. गिऱ्हाईक विचारतं, "हे फोनवर ऐकता येईल ना?" तो दात दाबून हसतो आणि हो म्हणतो.

सूर चुकला की सोल गायक जेम्स ब्राउन आपल्या वादकांना दंड करायचा. म्होरक्याला ही शिस्त आपल्या बँडात आणायची फार हौस आहे. अडचण एवढीच, की दंड कापायला आधी पगार द्यावा लागतो.