ओव्हरहॉलकाका

आमच्या सोसायटीत कुणाचा मिक्सर घर्र करून थांबला, की भांड्यातली चटणी अर्धवट वाटलेली असतानाच दारात काका उभे राहतात. त्यांना कोण कळवतं हे आजवर कुणाला कळलेलं नाही. अर्ध्या बाह्यांचा सदरा, खिशात टेस्टर आणि काखेत चिवड्याचा पत्र्याचा डबा. नाशिकच्या माणसाच्या काखेत चिवड्याचा डबा दिसला की पाहुणचार आला असं वाटतं. या डब्यात मात्र स्क्रू असतात.

काका ओझर मिगला होते. एच.ए.एल. असं आम्ही सरकारी कागदावर लिहितो, बोलताना कारखानाही मिग, टाउनशिपही मिग आणि तिथून निवृत्त झालेला माणूसही मिगवालाच. साठाव्या वर्षी कारखान्याने काकांना हार घालून घरी पाठवलं, पण ‘ओव्हरहॉल’ हा शब्द ते सोबत घेऊन आले. सायकलचं ओव्हरहॉल, गिझरचं ओव्हरहॉल. एकदा गणपतीच्या आरासीतलं चक्र उलटं फिरायला लागलं, तेव्हा आरती थांबवून त्याचंही झालं.

माझा कॉम्प्युटर २०१४ चा. चौथ्या पिढीचा आय-थ्री, म्हणजे चिपच्या जगात पणजोबा. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपणार, अशी पाटी स्क्रीनवर महिनाभर येत होती आणि मी ती वीजबिलाच्या मेसेजसारखी पुसून टाकत होतो. शेवटी दुकानात गेलो. दुकानदाराने मशीन न बघता नुसतं साल विचारलं आणि म्हणाला, ‘‘सर, नवीनच घ्या.’’

हे वाक्य काकांच्या कानावर कसं गेलं ते पुन्हा कोडंच. पण संध्याकाळी बेल वाजली.

‘‘साल विचारलं? नुसतं साल?’’ काका चप्पल काढता काढताच सुरू झाले. ‘‘१९६३ साली मिग-२१ हवाई दलात आलं. परवा २६ सप्टेंबरला चंदीगडला निरोप दिला. बासष्ट वर्षं! मधे आम्ही त्याचं बायसन केलं. सांगाडा तोच, रडार नवं, क्षेपणास्त्रं नवी. आणि तुमचं हे अकरा वर्षांचं खोकं म्हणे म्हातारं!’’

मिग-२१ ला वर्तमानपत्रं आणखी एका नावाने ओळखायची, ते नेमकं मला त्या क्षणी आठवलं. पण काकांच्या हातात स्क्रूड्रायव्हर होता. शिवाय तो निरोप त्यांनी टीव्हीवर इस्त्रीचा शर्ट घालून, उभं राहून पाहिला होता, हे मला काकूंकडून कळलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी काकांनी आधी कंपनीचा तपासणीचा प्रोग्रॅम चालवला. विंडोज ११ ला चार जीबी रॅम लागते, माझ्याकडे आठ. चौसष्ट जीबी जागा लागते, ती होती. मग लाल फुली आली. टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय नाही आणि प्रोसेसर यादीत नाही. इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा हवा. काका चष्मा कपाळावर सरकवून त्या फुलीकडे बघत राहिले. इतक्यात काकू चकलीचं भाजणीचं पीठ मागायला आल्या. काकू सोसायटीच्या पत्रिका जुळवून देतात. त्यांनी स्क्रीनवर एक नजर टाकली आणि निकाल दिला, ‘‘अठ्ठावीस गुण जुळतायत हो, पण एकनाड आहे.’’

एवढं सोपं करून मला हे कुणीच सांगितलं नव्हतं.

‘‘मग शांत करता येत नाही का?’’ मी विचारलं. तशी करता येते. तपासणीला चकवून विंडोज ११ बसवण्याच्या युक्त्या आहेत आणि माझा भाचा त्या फोनवरून सांगायला एका पायावर तयार होता. पण काका एकदम ताठ झाले. ‘‘पुढचे अपडेट मिळतीलच असं कंपनी लिहून देत नाही. जो पार्ट मंजूर नाही, तो बसवायचा नाही. खोट्या सहीवर विमान सोडत नसतात.’’ समोर विमान नव्हतं, टेबलाखाली पाय पुसायच्या फडक्यावर ठेवलेला कॅबिनेट होता. पण मुद्दा बिनतोड होता. ठरलं, लिनक्स मिंट. फुकट मिळतं, जुन्या मशीनला झेपतं.

काका मूळचे निफाडकडचे, घरची द्राक्षबाग. त्यामुळे मिगची भाषा संपली की बागेची सुरू होते. ‘‘आता छाटणी,’’ ते म्हणाले. ऑक्टोबरच होता. मी धास्तावून विचारलं, ‘‘काका, गोडी छाटणी की खरड छाटणी?’’ गोडी छाटणीत काडी राखतात, खरड छाटणीत वेल पार बोडका करतात. ‘‘खरड,’’ काका म्हणाले. माझ्या पोटात वीस वर्षांच्या लेखांचा गोळा आला. मग त्यांनी जुनी डिस्क काढून, मुलाच्या वहीच्या कव्हरात गुंडाळून, वर तारीख घालून माझ्या हातात दिली. छाटलेली काडी कुणी इतक्या मायेने बांधून ठेवलेली मी पाहिली नाही.

पुढचं काम बघण्यासारखं होतं. टेबलावर पांढरा रुमाल, त्यावर स्क्रू ओळीने, लांबीप्रमाणे. प्रत्येकाचा आकडा वहीत. ब्लोअर मारला तेव्हा कॅबिनेटमधून अकरा वर्षांची धूळ उठली, एक झुरळ आणि मुलीच्या पहिलीतल्या ओळखपत्राची क्लिप निघाली. मग रॅमची पट्टी काढून काकांनी खोडरबर मागितलं आणि तिच्या सोनेरी कडा अशा हलक्या हाताने घासल्या, जणू शाळेतल्या चित्रातली चुकलेली रेघ पुसताहेत. मदरबोर्डावरचा नाण्याएवढा सेल बदलला. तो मेल्यामुळेच माझा कॉम्प्युटर रोज सकाळी २०१४ सालात उठत होता. जुन्या डिस्कच्या जागी एसएसडी बसली. पाऊण तासात कॅबिनेट बंद होणार, तोच काका थबकले.

‘‘चौदा काढले होते. तेरा आहेत.’’

‘‘काका, एका स्क्रूने काय होतंय?’’

हे मी बोलायला नको होतं. कारखान्यात एक पाना कमी भरला तर अख्खं विमान जमिनीवर राहतं, हे मला उभ्या उभ्या सुनावण्यात आलं. मग सगळं घर खाली वाकलं. बायकोने सोफा सरकवला, मुलीने टॉर्च धरला, पीठ चाळायचं सोडून काकू पायपुसणं झटकू लागल्या. वीस मिनिटांनी शेजारचा पाच वर्षांचा पोरगा म्हणाला, ‘‘आजोबा, तो तुमच्या हातात आहे.’’ स्क्रूड्रायव्हर चुंबकाचा होता. चौदावा स्क्रू त्याच्या टोकालाच चिकटलेला होता. काकांनी वहीत बरोबरची खूण केली आणि खाली तारीख घालून सही केली.

मिंट वीस मिनिटांत बसलं. मी मोठ्या हौसेने जुना लेख उघडला, तर पडद्यावर इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबांचा चिवडा. जुन्या फॉन्टमधलं मराठी होतं ते, युनिकोडच्या आधीचं. काकांनी तीन ओळी मनापासून वाचायचा प्रयत्न केला आणि म्हणाले, ‘‘रशियन मॅन्युअलसुद्धा यापेक्षा बरी असायची.’’ गुंडाळलेल्या डिस्कवरून फॉन्ट आणून टाकले, तेव्हा लेख ठिकाणावर आला. वाचून पाहिल्यावर तो मुळातच फारसा बरा नव्हता, हा भाग वेगळा.

१७ ऑक्टोबरला, वसुबारसेला, ओझरच्या धावपट्टीवरून तिथं तयार झालेलं पहिलं तेजस मार्क-१ए उडालं. मी चहाला काकांकडे गेलो होतो. ‘‘नवी लाइन सुरू झाली,’’ एवढंच बोलून ते टीव्हीकडे बघत राहिले. मला वाटलं होतं, तासभर ऐकावं लागेल.

तेवढ्यात आतल्या खोलीतून पंख्याची घरघर ऐकू आली. डोकावलो तर कोपऱ्यात बैलगाडीच्या चाकाएवढ्या पोटाचा जुना मॉनिटर, वर क्रोशाचं झाकण, आणि काकू कुणाची तरी जन्मवेळ टाइप करत होत्या. पडद्यावर हिरवी टेकडी आणि निळं आभाळ. विंडोज एक्सपी!

‘‘काका, याचं ओव्हरहॉल?’’

काकांनी मागे वळून पाहिलं, आवाज खाली आणला. ‘‘कुंडलीचा प्रोग्रॅम दुसऱ्या कशावर चालत नाही. ते मशीन हिच्या चार्जमध्ये आहे. मला कव्हरसुद्धा उघडायची परवानगी नाही.’’

एक्सपीचा आधार कंपनीने ८ एप्रिल २०१४ ला बंद केला. काकूंच्या मशीनला इंटरनेटची वायर कधी जोडलेलीच नाही, आणि तुळशीच्या लग्नानंतरच्या मुहूर्तांसाठी त्यांच्याकडे सहा पत्रिका येऊन पडल्या आहेत.