कानोकानी फिरणारी गोळी, गं बाई!

ऐकलंत का? आमच्या भिशीत परवा काय फिरलं म्हणून सांगू! वडे झाले, चहा झाला, चिठ्ठी कुणाची निघाली यावरून व्हायची ती कुजबुजही झाली. तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींना शिंकांची माळ लागली. लगेच तीन पर्सच्या चेन सरकल्या आणि तिन्हीतून एकच स्ट्रिप बाहेर! बडीशेपेच्या वाटीसारखी फिरली हो ती. "घ्या हो, एलसी आहे, काही होत नाही." वहिनींनीही कसली, कितीची, काही न विचारता उरलेल्या चहाबरोबर ती गिळून टाकली. दुसऱ्याचा कंगवा घ्यायचा म्हटलं की नाक मुरडणाऱ्या बायका ह्या!

आता पुण्यात राहायचं आणि शिंकायचं नाही असं कसं होईल? गाजरगवत १९५०च्या दशकात पहिल्यांदा नजरेत भरलं ते आमच्याच पुण्यात. त्यात दिवाळीची साफसफाई, गाद्यांमधले न दिसणारे किडे, पावसाळ्यात भिंतींना येणारी बुरशी. नाकाने बिचाऱ्याने जायचं कुठे? तक्रार शिंकांबद्दल नाहीच मुळी. ह्या गोळीची जी फॅशन आलीय ना, तिच्याबद्दल आहे.

त्या स्ट्रिपच्या मागे बारीक अक्षरात काय आहे, चष्मा लावून वाचलंय कुणी? मी वाचलं. एका गोळीत दोन औषधं! माँटेलुकास्ट १० मिलिग्रॅम आणि लेव्होसेटिरिझिन ५ मिलिग्रॅम. दुसरं शिंका, खाज आणि नळासारखं वाहणारं नाक आवरतं. पहिलं ल्युकोट्राइन नावाच्या रसायनाला अडवतं, म्हणजे नाकाच्या आतली सूज आणि चोंदणं कमी होतं. दोघांची कामं वेगळी, म्हणून डॉक्टर कधीकधी जोडीने देतात. पण शेजारीच 'शेड्यूल एच' असंही छापलंय. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाही, असा त्याचा सरळ अर्थ. आमचा मेडिकलवाला मात्र "किती पट्ट्या देऊ?" एवढंच विचारतो. इश्श!

आणि खरी खबर पुढे आहे. मार्च २०२०मध्ये अमेरिकेच्या एफडीएने ह्याच माँटेलुकास्टवर आपला सगळ्यात कडक, चौकटीतला इशारा छापायला लावला. भयानक स्वप्नं, झोप उडणं, चिडचिड, उदासी, आत्महत्येचे विचारसुद्धा. सगळ्यांना होतं असं नाही. पण नुसत्या ॲलर्जीच्या सर्दीसाठी, बाकीच्या औषधांनी भागत नसेल किंवा ती सोसत नसतील तरच हे वापरा, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. मग आमच्या सोसायटीत "हल्ली हा फार खेकसतो हो" म्हणून ज्या नवऱ्यांची तक्रार येते, त्यांच्या उशाशी ही स्ट्रिप आहे का, ते आधी बघायला नको?

दुसऱ्या औषधाचीही नाटकं कमी नाहीत. झोप येते. गोळी घेऊन सिंहगड रोडवर स्कूटर चालवणाऱ्या माउलीला साष्टांग नमस्कार! वर संध्याकाळी 'थोडीशी' घेणारे असतील तर विचारूच नका. मूत्रपिंड अधू असेल तर डोस कमी करावा लागतो, आणि नेमके सासरे घेतात ते सुनेच्या डब्यातून. एक काकू तर रात्री एलसी, सकाळी सेटिरिझिन आणि दुपारी सर्दीची तिसरीच गोळी, असा फराळ करतात. अहो, तिन्हीत ॲलर्जीवरचं एकाच घराण्यातलं औषध! त्या जेवणाच्या टेबलावर डुलक्या काढतात, आणि घरचे म्हणतात वय झालं.

मोठ्यांची गोळी अर्धी मोडून पोरांना देणाऱ्या आयांना काय म्हणावं? लहान मुलांच्या गोळीची ताकद वेगळी असते, ती वयावरून ठरते. आणि वर्षानुवर्षं घेणाऱ्यांनो, हेही ऐका. सेटिरिझिन आणि लेव्होसेटिरिझिन दीर्घकाळ घेऊन एकदम बंद केल्यावर काहींना अंगभर भयंकर खाज सुटते, असा इशारा एफडीएने मे २०२५मध्ये दिला.

मला सगळ्यात गंमत वाटते ती नाकाच्या फवाऱ्याची. स्टिरॉइडचा फवारा म्हटलं की "नको बाई, सवय लागेल!" म्हणून सगळ्या कानांवर हात ठेवतात. नेहमीच्या चोंदलेल्या नाकावर खरा पहिला मान त्याचाच. नुसत्या त्याने भागलं नाही तर फ्लुटिकासोन आणि ॲझेलास्टिन एकत्र असलेला फवाराही डॉक्टर देतात. सवय लागते ती नाक झटक्यात मोकळं करणाऱ्या थेंबांची. चार-पाच दिवसांवर गेले की नाक उलट जास्त चोंदतं, आणि ती बाटली मात्र प्रत्येकीच्या उशाखाली!

बरं, फवारा घेणारीही तो कशी घेते? मान मागे टाकून, छताकडे बघत, जोरात हुंगून. सगळं घशात, आणि मग "कडू लागलं हो!" मान जरा खाली झुकवा. उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने, डावीत उजव्या हाताने, टोक मधल्या पडद्याकडे नको, बाहेरच्या बाजूला. हळूच श्वास घ्या. आणि एका दिवसात जादू मागू नका, पूर्ण गुण यायला काही दिवस लागतात.

तेव्हा बायांनो आणि बुवांनो, तुमच्याकडे ही गोळी असेल तर स्ट्रिपच घेऊन डॉक्टरांकडे जा. मला हीच का, किती दिवस, आणि बंद कशी करायची, हे तिन्ही विचारा. बाकी कुठली औषधं चालू आहेत तेही सांगा. झोप किंवा स्वभाव बदलल्यासारखा वाटला तर लगेच कळवा. आणि दम्यासाठी दिली असेल, तर माझं हे वाचून मनाने मुळीच बंद करू नका.