युनिटराव

देहूत कुणी गुडघा धरून बसलं की कुणी तेल सुचवतं, कुणी निर्गुडीचा पाला. युनिटराव विचारतात, "डावा की उजवा?" उजव्याला एम१७.११, डाव्याला एम१७.१२. दोन्ही म्हणणाऱ्याला एम१७.० बहाल करून ते पुढे चालू लागतात. औषध सांगणं त्यांच्या खात्यात येत नाही.

तळवड्याच्या आयटी पार्कात ते संध्याकाळी जातात, पहाटे परततात आणि मधल्या वेळात अमेरिकेतल्या दवाखान्यांच्या बिलांना कोड लावतात. सुट्टीच्या दिवशी किराणा दुकानाच्या पायरीवर त्यांची शिकवणी भरते.

"गुडघ्यात सिनव्हिस्क-वनची एक सिरिंज दिली. युनिटं किती?"

"एक," दुकानदार बिचारा फसतो.

"४८! जे७३२५ला मिलिग्रॅममागे एक युनिट. एक लिहिलंत की ४७चे पैसे बुडाले. उलट युफ्लेक्साच्या २० मिलिग्रॅमला २० लिहाल तर चोर ठराल. जे७३२३ डोसावर चालतो, तिथे एकच. आणि केनालॉग? दहा मिलिग्रॅमला एक."

"म्हणजे साखर किलोवर, साबण नगावर," दुकानदार पुडी बांधता बांधता म्हणाला. परीक्षा देऊन मिळवलेल्या विद्येची अशी पुडी झालेली बघून युनिटराव आठवडाभर त्या पायरीवर फिरकले नाहीत.

एप्रिल २०२४मध्ये मिथिलप्रेडनिसोलोन ॲसिटेटचे तीन जुने कोड गेले आणि एकटा जे१०१० आला, तेव्हा घरात सुतक असल्यासारखे वावरत होते. जुलै २०२३पासून तर एका डोसाच्या कुपीतलं औषध अजिबात वाया गेलं नाही, हेही 'जेझेड' लावून कळवावं लागतं. तेव्हापासून ताट चाटूनपुसून संपवलं की हे "जेझेड" म्हणून उठतात. आमटी उरली तर "जेडब्ल्यू".

"लिहू नकोस, पिऊन टाक," आई म्हणते.

त्याच आईला गेल्या महिन्यात गुडघ्यात इंजेक्शन दिलं. बिलावर नुसतं 'इंजे. १'. युनिटरावांना घाम फुटला. बाजू कुठली? कंपनी कुठली? सोनोग्राफी लावून दिलं तर २०६११, नाहीतर २०६१०! डॉक्टरांना सगळं विचारलं, कचऱ्यातून रिकामं खोकंही मागून आणलं. रात्री जागून, बाजूसकट, युनिटांसकट, अमेरिकेतही परत येणार नाही असं बिल तयार केलं आणि सकाळी आईला वाचून दाखवलं.

"छान आहे," आई म्हणाली. "जिना कधीपासून चढायचा म्हणाले डॉक्टर?"

ते विचारायचं राहिलं होतं.