राजसाहेब, मतदानयंत्रावर तुमचं नाव कुठे होतं?

सन्माननीय राजसाहेब ठाकरे यांस,


ऑक्टोबर 2019 मध्ये विधानसभेच्या प्रचारात, सांताक्रूझच्या सभेत तुम्ही सत्ता मागितली नाहीत. सक्षम विरोधी पक्ष म्हणून निवडून द्या, म्हणालात. मागणी रास्त होती. विरोधी बाकांवरचे आमदार एकामागून एक सत्ताधाऱ्यांकडे चालले होते, सरकारला जाब विचारणारा माणूस हवाच होता. पण जाब विचारायचा तो सभागृहात, आणि तुम्ही तर उभेच नव्हतात! सगळा प्रचार तुमच्या चेहऱ्यावर, तुमच्या आवाजावर. मतदार आत गेला की यंत्रावर नाव भलत्याचंच. 31 मे 2014 ला सोमय्या मैदानावर तुम्हीच जाहीर केलं होतंत की विधानसभा स्वतः लढवणार. मग माघार का घेतलीत?

2019 चाच एप्रिल आठवा. मेळघाटातलं हरिसाल देशातलं पहिलं डिजिटल गाव, अशी जाहिरात चालली होती. ती खोटी ठरवायला त्या जाहिरातीतला तरुणच तुम्ही सोलापुरात व्यासपीठावर उभा केलात. पडद्यावर जाहिरात आणि शेजारी जिताजागता माणूस! त्या लोकसभा निवडणुकीत सरकारविरुद्ध इतका नेमका पुरावा दुसऱ्या कुणी मांडल्याचं मला आठवत नाही. आणि 48 पैकी एकाही मतदारसंघात तुमचा उमेदवार नव्हता. लोकांनी तुमचं ‘लाव रे तो व्हिडिओ’ तोंडपाठ केलं, मत मात्र तुम्हाला द्यायची सोयच नव्हती. पाच वर्षांनी गुढीपाडव्याला, शिवाजी पार्कवरून, तेव्हा ज्यांच्यावर तुटून पडलात त्याच मोदींना बिनशर्त पाठिंबा. मग हरिसालचा प्रश्न कुणाच्या गळ्यात टाकलात?

2009 ला तुमच्या पक्षाचे 13 आमदार. 2014 ला एक, 2019 ला एक, 2024 ला एकही नाही. याची किंमत तुम्ही मोजलेली नाही. ती मोजली बूथबाहेर टेबल टाकून मतदारयादीत नावं शोधणाऱ्या, चिठ्ठ्या फाडून देणाऱ्या पोरांनी. आंदोलनातल्या केसेस त्यांच्या अंगावर, तारखांना कोर्टात हेलपाटे त्यांचे. निकालानंतर गल्लीत लोकांना तोंड द्यायचं तेही त्यांनीच.

ज्या महाराष्ट्राला विरोधी पक्ष हवा होता, त्याला तुम्ही श्रोता करून ठेवलंत. याचा मला मनापासून राग आहे, कारण तुम्ही विचारलेले प्रश्न खरे होते.

पुढच्या विधानसभेला उमेदवारांच्या यादीत पहिलं नाव तुमचं टाका. मतदारसंघ कुठलाही घ्या.

आपला,
एक मतदार