कशात मोठा? कितीने मोठा?

'अहिल्यानगर इज द लार्जेस्ट डिस्ट्रिक्ट इन महाराष्ट्र.' डिग्री बदला!

जिल्ह्यातल्या कुठल्याही क्लासमधलं पोर हे झोपेतही बदलून देईल: 'लार्जर दॅन एनी अदर डिस्ट्रिक्ट इन महाराष्ट्र.' मार्क पक्का. पण 'अदर' कशाला, असं त्याला विचारा. उत्तर येईल, गाइडात चौकटीत दिलंय.

कारण साधं आहे. अहिल्यानगर महाराष्ट्रातच आहे. 'अदर' गाळलं तर जिल्हा स्वतःपेक्षाही मोठा ठरतो. आणि 'लार्जर दॅन एनी डिस्ट्रिक्ट इन गोवा' म्हणायचं असेल तर तिथं 'अदर' चालणार नाही, नाहीतर आपण गोव्यात जाऊन बसू. पाच मिनिटांत समजणारी ही गोष्ट वर्षानुवर्षं पाठ करून घेतली जाते, याचा मला राग येतो. व्याकरणाच्या नावाखाली आपण पोरांना विचार न करायची सवय लावतो आहोत.

मुळात कशात मोठा, हे प्रश्न सांगतच नाही. क्षेत्रफळ १७,०४८ चौरस किलोमीटर, म्हणून राज्यात पहिला. लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत साधारण ४५ लाख. तिथं ठाणे, पुणे, मुंबई उपनगर, नाशिक, नागपूर, सगळे पुढे. आकडाच नसेल तर तुलना तरी कसली?

खरी पंचाईत 'पट' आली की होते. मुळा धरण २६ टीएमसीचं, निळवंडे आठाच्या थोडं वर. 'थ्री टाइम्स अ‍ॅज मच अ‍ॅज' म्हटलं की तिप्पट, वाद नाही. 'थ्री टाइम्स मोअर दॅन' म्हटलं की एक जण तिप्पट वाचतो, दुसरा आठात आणखी तीन आठ मिळवून चौपटीवर जातो. बोलण्यात दोन्ही खपतं. पण चार पर्यायांच्या स्पर्धा परीक्षेत हे दोन्ही पर्याय समोरासमोर ठेवणाऱ्यानं तरी आपल्याला कोणता अर्थ हवा आहे ते आकड्यानिशी सांगावं.

आणि आकडे आपल्याकडच्या पोरांना नवे नाहीत. आवर्तन कधी सुटणार, जायकवाडीला किती जाणार, धरणात किती उरणार, हे राहुरी-नेवाशाच्या घराघरांत जेवताना बोललं जातं. ज्या पोरानं टीएमसी ऐकत घास घेतला, त्याला तुलना शिकवायला 'राम इज टॉलर दॅन श्याम' कशाला हवं? किती उंच, हेही त्यात नाही.

प्रश्न असा काढा. मुळा २६ टीएमसी, भंडारदरा ११. फरक इंग्रजीत दोन वाक्यांत लिहा: एकात कितीने जास्त, दुसऱ्यात किती पट. दोन मार्क. 'फिफ्टीन टीएमसी मोअर दॅन' आणि 'मोअर दॅन ट्वाइस अ‍ॅज मच अ‍ॅज', ही दोन्ही वाक्यं ज्याला जमली त्याला डिग्री बदलायचा वेगळा प्रश्न घालू नका.