समोरच्यांच्या डब्याचे ब्रेक

अहो, ऐकलंत का? जरा भिंतीजवळ या, ओरडून सांगण्यासारखं नाही हे. समोरच्या काकूंच्या धाकट्याचा डबा... अहो डबा म्हणजे तो हो, डेन्व्हरला घेतलेला! आत ओटा, पलंग, संडाससुद्धा, आणि गाडीच्या मागं अडकवून डोंगरात न्यायचा. कॅम्पर म्हणतात म्हणे. काकूंनी फोटो दाखवून दाखवून अख्ख्या उस्मानपुऱ्याला वीट आणला होता. एकनाथ रंगमंदिरात नाटकाच्या मध्यंतरातसुद्धा सोडलं नाही मला. तर त्या डब्याचे ब्रेकच नीट लागत नव्हते!

हळू हो, खिडकी उघडी आहे त्यांची.

मला कसं कळलं? कढीपत्ता मागायला गेले होते रविवारी. आपल्याकडे दिवेलागण म्हणजे तिकडं सकाळ, त्यामुळे व्हिडिओ कॉल चालू, तोही मोठ्या टीव्हीवर. आणि बैठक कशी भरलेली! काका, काकू, पैठणहून आलेले काकूंचे भाऊ, ते ऊसवाले मामा, आणि वरच्या मजल्यावरचे सर. गव्हर्नमेंट पॉलिटेक्निकमधून रिटायर झालेले. एरवी त्यांना कोणी चहाला बोलवत नाही, कपाबरोबर लेक्चर येतं म्हणून. त्या दिवशी मात्र मुद्दाम निरोप धाडून बोलावलेले. म्हटलं, इथं काहीतरी शिजतंय. कढीपत्ता काय, कधीही तोडता येतो. बसले.

तर झालं असं होतं की धाकटा आणि त्याची बायको डोंगरातून परत येत होते. तिकडं तो आयसेनहॉवर बोगदा आहे, 11 हजार फुटांवर, आणि तिथून आय-70 रस्ता डेन्व्हरकडे उतरतच येतो. आपल्या कन्नडच्या घाटात कोर्टानं जड गाड्या बंद केल्या ना, तिकडं ब्रेक गेलेल्या ट्रकांसाठी कडेला खडीचे चढ बांधून ठेवलेत. घुसव ट्रक त्यात, आपोआप रुततो. तर अशा उतारावर धाकट्यानं ब्रेक दाबला, तर गाडी थांबू बघतेय आणि मागून डबा रेटतोय! गिअर खाली टाकून टाकून कसाबसा आणला. काकू आम्हाला काय सांगत होत्या माहितीये? "ब्रेक जरासे सॉफ्ट आहेत, बाकी काही नाही." आणि टीव्हीवर मागं सून उभी, तिनं नवऱ्याकडे जे काही बघितलं... सॉफ्ट म्हणे!

मामा तर हसायलाच लागले. "आरं, आमच्या उसाच्या ट्रॉलीला ब्रेक कुठंय? दोन-दोन जोडून कारखान्यावर नेतो. कामून घाबरायलास?" सरांनी चष्मा वर केला. म्हणाले, "म्हणूनच गाळपाच्या हंगामात तुमच्या ट्रॉलीमागं कोणी गाडी चालवत नाही." मामांचं तोंड असं झालं! काकांनी घाईघाईनं चिवड्याची बशी पुढे केली. पण सरांचं खरंच होतं हो. तिकडं बऱ्याच राज्यांत 3 हजार पौंडांच्या वरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक लागतातच, आणि ह्यांचा डबा दोन टनांचा.

तर काय सांगत होते... हां, सर. त्यांनी समजावलं आणि मलासुद्धा समजलं, म्हणजे बघा. ह्या डब्याच्या ब्रेकमध्ये तेल नाही, हवा नाही. चाकाच्या ड्रममध्ये एक मॅग्नेट बसवलेलं असतं. गाडीत ड्रायव्हरपाशी कंट्रोलर. पाय दाबला की निळ्या वायरीतून मागं करंट जातो, मॅग्नेट फिरत्या ड्रमला चिकटायला बघतं, ड्रम त्याला ओढत नेतो, आणि त्या ओढीनं दांडी सरकून लायनर ड्रमवर दाबले जातात. म्हणजे चाकाच्याच जोरावर चाक थांबवायचं. आहे की नाही गंमत? सर म्हणाले, ही युक्ती बिलॉइट गावच्या वॉर्नरची, स्पीडोमीटरवाल्या वॉर्नरची, 1927 सालच्या कंपनीची. तेवढ्यात काकांनी घड्याळात बघितलं. मी म्हटलं, चालू द्या की!

आता धाकट्यानं काय केलं होतं ऐका. पहिल्यांदा कंट्रोलरच बदलला. नवा, महागातला, उतार ओळखून जोर कमी-जास्त करणारा. तरी तेच! मग चार चाकांची चार नवी मॅग्नेटं मागवली. खोकं गॅरेजमध्ये येऊन पडलेलं, कॅमेऱ्यात दिसत होतं. हा मुलगा स्टेशन रोडच्या आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजचा बरं का. काकू त्याचे मार्क अजून तोंडपाठ म्हणून दाखवतात.

सरांनी एकच विचारलं, "करंट किती घेतंय?"

शांतता.

"मोजलं का कोणी?"

धाकटा म्हणाला, "सर, कंट्रोलरवर फुल दाखवतोय. गेन दहावर आहे." तर सर काय म्हणाले असतील? "अरे, तो आकडा पाठवल्याचा आहे, पोचल्याचा नाही." आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "वहिनी, आपल्या गल्लीत नळ येतो तेव्हा टाकीवर सोडलेलं पाणी आणि शेवटच्या घरात आलेली धार, एकच असते का?" आता ह्या शहरात पाण्याचं उदाहरण दिलं की कोणाला समजायचं राहतं का? नाथसागर उशाला आणि आपण नळाची वाट बघत बसायचं. जाऊ द्या, तो विषय काढला की मला चहा जात नाही.

मग सर म्हणाले, डब्याला एक पिन असते, तारेला बांधलेली. डबा वाटेत सुटलाच तर पिन उपसली जाते, आणि डब्याची स्वतःची छोटी बॅटरी चारही ब्रेक आवळते. "ती पिन ओढ आणि डबा पुढं खेचून बघ." धाकट्यानं ओढली. चाकं धरली म्हणायला धरली, पण डबा घरंगळत आलाच. सर म्हणाले, "ह्यात तुझा कंट्रोलर कुठं आला? गाडीच मध्ये नाही. दोष डब्यात आहे." म्हणजे तो नवा कंट्रोलर... अहो, काकांचा चेहरा बघायला हवा होता तुम्ही! किंमत त्यांनाही माहिती असणार.

आणि आता खरी गंमत. मीटर आणायला धाकटा शेजाऱ्याकडे निघाला, तर सून म्हणाली, "माझ्याकडे आहे." सून नांदेडची, इलेक्ट्रॉनिक्सवाली, पण काकूंच्या तोंडून आपण काय ऐकलंय तिच्याबद्दल? पोळ्या जाड लाटते, एवढंच! तिनं मल्टीमीटर आणला, निळी वायर सोडवून मीटर मध्ये जोडला. सर म्हणाले, 12 व्होल्टवर एक मॅग्नेट 3 ॲम्पिअरच्या आसपास घेतं, चारांचे 12 व्हायला हवेत. आले 7. मग ती डब्याखाली सरकली, मोबाइल हातात, आम्ही सगळे टीव्हीत डोकं घातलेले. गाडीच्या सॉकेटवर साडेबारा व्होल्ट, आणि चाकापाशी? साडेपाच! मामासुद्धा म्हणाले, "आरं, निम्मं कुठं गेलं?"

"अर्थिंग," सर आणि सून एकदमच म्हणाले. एकदम! काकूंनी तर सरांकडे असं बघितलं, की हे फितूर झाले.

परतीची वायर पांढरी असते तिकडं. चारही चाकांच्या पांढऱ्या वायरी एकत्र पिळून डब्याच्या चासीला एका स्क्रूवर आवळलेल्या. तिकडं बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ, रसायनं टाकतात, त्यानं तो स्क्रू गंजून हिरवा-पांढरा झालेला. सुनेनं आधी खात्री केली बरं का, थेट बॅटरीच्या निगेटिव्हपासून एक सुटी वायर आणून त्या जोडाला लावली. मीटर चढला! मग स्क्रू काढला, लोखंड पॉलिश पेपरनं चकचकीत घासलं, नवी पट्टी दाबून बसवली, वर ग्रीस. चाकापाशी पावणेबारा व्होल्ट. मॅग्नेटाच्या खोक्याकडे कोणी बघेना.

पण संपलं नाही अजून. धाकट्यानं अंगणातल्या अंगणात चालवून बघितलं, आधीपेक्षा बरं, तरी मागचं डावं चाक ढिलंच. आता मामा पुढे सरसावले. मघाशी सरांनी दिलेला टोला विसरले नव्हते ते. "चाक जॅकवर उचल, हातानं फिरव. जरा घासल्याचा आवाज आला पाहिजे. येतो का?" फिरवलं. चाक बापडं सुदर्शन चक्र, थांबायचं नाव नाही! मामा म्हणाले, "लायनर लांब बसलेत. ते ड्रमला टेकायच्या आधीच दांडीचा पल्ला संपतो. मग करंट काय करील?" सरांनी मान डोलावली, तीही सगळ्यांसमोर. मागून एक दातेरी चकती असते, ती पेचकसानं फिरवायची, चाक जड होईपर्यंत, मग थोडी मागं. तीन चाकं झाली, चौथ्याचा ड्रम काढला तर आत सगळं ग्रीस! आधीच्या मालकानं ग्रीसगन धरून ठासून भरलं असणार, सील फाटून लायनरवर आलेलं. धाकटा म्हणाला, पेट्रोलनं पुसतो. मामा आणि सर दोघंही ओरडले, "नाही!" ग्रीस प्यालेला लायनर टाकूनच द्यायचा, वरून पुसला तरी गरम झाला की परत सोडतो. आणि एका चाकाचा बदलला तर जोडीच्या चाकाचाही बदलायचा, नाहीतर डबा एका बाजूला ओढतो.

काकू मध्येच म्हणाल्या, "अगं पण तू कशाला हात घाण करतेस, त्याला करू दे." सून डब्याखालूनच म्हणाली, "आई, त्याला करू दिलं म्हणून तर दोन गोष्टी नव्या आल्या." बोलली हो! काकांनी चिवड्यात तोंड घातलं. मामांना ठसका लागला. मी आपली कढीपत्त्याच्या कुंडीकडे बघत बसले, पण हसू काही आवरेना.

लायनर नंतरच्या आठवड्यात बसले. नवे लायनर लगेच धरत नाहीत म्हणे, मोकळ्या रस्त्यावर वेग कमी-जास्त करत वीस-तीस वेळा हलके ब्रेक मारून ते ड्रमवर बसवावे लागतात. तेही केलं दोघांनी. आता डबा थांबतो.

पण तुम्ही काकूंकडून ऐका आता! कालच पीर बाजारात भेटल्या, भाजी घेत होत्या. म्हणाल्या, "आमच्या धाकट्यानं अमेरिकेत बसून स्वतःच ब्रेक शोधून काढले हो, मेकॅनिकला हातसुद्धा लावू दिला नाही." सरांचं नाव नाही, मामांचं नाव नाही, सुनेचं तर नाहीच. मी विचारलं, भोळेपणानं हो, अगदी भोळेपणानं, "आणि ती मॅग्नेटं? परत घेतली का दुकानानं?" खोकं फोडलेलं, कोण घेणार! काकूंनी मेथीची जुडी उलटी-पालटी केली, भाजीवाल्याला भाव विचारला, आणि मग म्हणाल्या, "ती मुद्दामच घेऊन ठेवलीत. स्पेअर म्हणून."