फोडणीमागची भिंत

अमेरिकेतलं स्वयंपाकघर ज्याने कुणी आखलं, त्याने जन्मात कधी मोहरी तडतडवलेली नसणार. ओटा ३६ इंच उंच, वरची कपाटं ५४ इंचांवर, मधे उरलेली १८ इंचांची भिंत नुसत्या रंगाची. शेगडीवर मायक्रोवेव्ह टांगलेला, त्याच्या पोटात पंखा. हा पंखा फोडणीचा धूर ओढतो आणि बऱ्याच घरांत तो बाहेर न टाकता वरच्या जाळीतून आपल्याच तोंडावर सोडतो. मग अलार्म कोकलतो आणि घरातलं सगळ्यात उंच माणूस टॉवेल घेऊन त्याला वारा घालायला धावतं. आमच्या एडिसनमध्ये, म्हणजे न्यू जर्सीत, अलार्म वाजला तर शेजारी घाबरत नाहीत. आज कढी का, असं विचारतात.

शेगडीमागे हळदीचा नकाशा उमटला, तेव्हा टाइल्स लावायचं ठरलं. माणूस लावावा तर टाइल्सपेक्षा त्याची मजुरी जड, म्हणून नवऱ्याने काम स्वतःकडे घेतलं. नेमके तेव्हाच सासरे साताऱ्याहून आलेले. सरकारी ओव्हरसियर म्हणून निवृत्त. हाताला काम नसलेला ओव्हरसियर फार वेळ सोफ्यावर बसत नाही.

त्यांनी आधी भिंतीवर बोटाने ठोकून पाहिलं. "पोकळ आहे रे ही!"

"ड्रायवॉल आहे, बाबा. अर्ध्या इंचाचा जिप्समचा बोर्ड. आत दर सोळा इंचांवर लाकूड, टू बाय फोर."

बाबांनी गॅरेजमधला एक टू बाय फोर काढून मोजला. भरला दीड बाय साडेतीन. "दोन बाय चार सांगायचं आणि दीड बाय साडेतीन द्यायचं? आमच्याकडे यावर चौकशी बसली असती." (चौकशीचं पुढे काय झालं असतं, हे मी विचारलं नाही. सुनेने काही प्रश्न गिळायचे असतात.)

मग टेप निघाली. अमेरिकेने १९७५ साली मेट्रिकचा कायदा केला, त्यासाठी मंडळ नेमलं आणि १९८२ साली ते मंडळच गुंडाळलं. इंच जागचे हलले नाहीत. आपला कायदा १९५६चा, हे बाबांनी छाती काढून सांगितलं आणि लगेच सुतात मोजायला लागले. साताऱ्याचा सुतार अजून तेच बोलतो: इंचाचे आठ सूत. नवरा टेपवर डोळे बारीक करून "सेव्हन्टीन अँड फाइव्ह एट्थ्स" म्हणेपर्यंत बाबा "अठराला तीन सूत कमी" म्हणून मोकळे. शेगडीपाशी पूर्ण अठरा, खिडकीपाशी तीन सूत कमी. कपाटं कललेली. बाबांनी ओळंबा मागितला. तो घरात नव्हता, तेव्हा दोऱ्याला गाडीची किल्ली बांधून केला. लेझर लेव्हलची लाल उभी रेघ आणि बाबांचा दोरा तंतोतंत जुळले, आणि आपलंच यंत्र खरं निघालं म्हणून बापलेक दोघेही खूश झाले.

टाइल ठरली सबवे, तीन बाय सहा. १९०४ साली न्यूयॉर्कची भुयारी रेल्वे सुरू झाली, तिच्या स्थानकांसाठी हाइन्स आणि लाफार्ज या वास्तुविशारदांनी पांढऱ्या चकचकीत टाइल्स वापरल्या. स्वच्छ दिसाव्यात, धुता याव्यात म्हणून. अठरा इंचांत बरोबर सहा ओळी, असा नवऱ्याचा हिशेब.

"आणि सांधे तुझे सासरे मोजणार?" बाबा म्हणाले.

प्रत्येक सांधा अर्धा सूत. ओट्यालगत एक सूत सोडून तिथे सिलिकॉन. म्हणजे वरची ओळ कापायची, तीही तिरकी. शिवाय प्लग. ओट्यालगतची कुठलीही जागा प्लगपासून २४ इंचांहून लांब नको, असा इथला नियम. प्रत्येक प्लगभोवती टाइल कापा, वर डबा टाइलच्या जाडीइतका पुढे आणा. एका मिक्सरसाठी एवढे प्लग, हे काही बाबांना पटेना. त्यातून तो मिक्सर पुण्याचा, २३० व्होल्टचा. भिंतीत मिळतात १२०.

खरं भांडण झालं ते सांध्यांत भरायच्या ग्राउटवरून. मित्रमंडळींपैकी जो येई तो सांगे, "पांढरंच लाव, रीसेलला बरं." इथे घर घेतल्या दिवसापासून माणूस ते पुढच्या मालकासाठी सांभाळत असतो. तो मालक कोण, कुठला, माहीत नाही, पण त्याची आवड सगळ्यांना पाठ! सिमेंटचा ग्राउट पाणी पितो तशी हळदही पितो. हळदीचा डाग उन्हाने विटतो, पण शेगडीमागे ऊन आणायचं कुठून?

मी ग्राउटचे नमुने बनवले, ओट्यावर मांडले आणि पळीतून एकेकावर कढत फोडणी ओतली. सकाळपर्यंत पांढरा लख्ख पिवळा, बदामी केशरी. गडद राखाडी एपॉक्सी तेवढा ओल्या फडक्याने पुसला गेला.

"पण रीसेल..." नवरा म्हणाला.

"ज्याला फोडणी चालत नाही, त्याला घर विकू नकोस," बाबांनी निकाल दिला.

तेव्हा तुम्ही एडिसनला असा नाहीतर सनीवेलला, दुकानातल्या नमुन्यावर भाळू नका. घरी आणून त्याच्यावर हिंग-हळदीची फोडणी घाला, रात्रभर ठेवा, आणि मगच पैसे मोजा.